पानी कुनाला इचारून वतलंस?

...आन् वर मलाच इचारत्यात, 'पानी कुनाला इचारून वतलंस?' आता काय सांगावं! मानूस डोळं फिरवून धुळीत पडलाय, अंग तव्यावानी तापलंय, आन् म्या अर्ज लिवत बसायचं, व्हय? 'मेहेरबान साहेब, आमचा बिरप्पा मरतोय, तरी चार थेंब पान्याची परवानगी मिळावी...' मग त्यो अर्ज हवालदारानं सुभेदाराला द्यायचा, सुभेदारानं साहेबाला, साहेबानं पुन्याला धाडायचा, आन् तितनं शिक्का हुऊन यीस्तवर हिकडं बिरप्पाचं तेरावं! पन आपन काय बोलनार, आपन शिपाई!

बसा, सांगतो समदं. केमाच्या ठेसनावर उतरल्यापासनं जो त्यो इचारतोय, 'सिदू, पलटनीत कसं काय?' कसं काय! तुमास्नी वाटतंय शिपाई लढाईत मरतोय. लढाई संपून धा वरसं झाली की! गेल्या मे महिन्यात आमची पलटन सोलापुराच्या भाईर, होटगीच्या वाटंला मुरमाड माळावर तंबू ठोकून हुती. माळ कसला, भट्टी ती! दावायला झाड न्हाय. लांब गिरनीचं धुराडं दिसायचं, ततं गिरनीच्या आत राबनाऱ्या मानसांचा इचार करून आमास्नी वाटायचं, नशीबवान हायत, डोसक्यावर पत्रा तरी हाय...

तितं आमचा कंपौंडर हुता धोंडप्पा. अक्कलकोटचा. लई भला मानूस, मराठीत सुरू करायचा आन् राग आला की कानडीत शिरायचा. रोज सकाळी आमचा वर्ग, जखमी शिपायावर पैला इलाज कसा करायचा त्येचा. आता इलाज शिकायचा तर जखमी पायजे की न्हाय? मग लगीच, 'ए सिदू, बा इल्ली!' म्हंजे हिकडं ये. मीच का? तर म्या काटकुळा, उचलाय हलका! सोमवारी माझा हात मोडला, मंगळवारी मांडी, बुदवारी डोसक्यात गोळी लागली, आन् बिस्तरवारी दोनी पाय बांबूला आवळून बांदलं, ततवर जेवनाचा बिगूल वाजला आन् समदी पळाली! म्या वरडतोय, 'आरं, सोडा की रं!' कोन ऐकतंय? शेवटी कावळा यून छातीवर बसला, त्येला वाटलं हितं काम झालंय! पन आपन काय बोलनार...

तर त्यो धोंडप्पा येक दिस म्हनला, "ऐका तम्मांनो, भावांनो! गोळी येकाला लागंल, ऊन समद्यांना लागतंय. घाम थांबला, कातडी कोरडी ठनठनीत झाली आन् मानूस बरळाय लागला, की मग हवालदाराच्या तोंडाकडं बगायचं न्हाय! सावलीत घ्या, कापडं काडा, भिजवा, वारा घाला. आन् शुद्ध नसंल तर तोंडात पानी घालू नका, छातीत जाईल, मरंल."

मागं आमचा हवालदार कोंडीबा उबा हुता, मिशीला पीळ देत. त्यो खाकरला. "कंपौंडर, तुमी ह्यास्नी बायका करून ठिवनार! आमी लढाईत बसऱ्याला दोन दोन दिस पान्याबिगर चाललोय. पान्यानं शिपाई मऊ हुतो!" आन् ह्यो गडी निस्ता बोलला न्हाय बरं का. दुसऱ्याच दिशी त्येनं हुकूम काडला... आयकून हसू नका... समद्यांच्या पान्याच्या बाटल्या भरायच्या, बुचाला दोरा बांदायचा, आन् कूच संपल्यावर दोरा साबूत दावायचा! म्हंजे पानी पाठीवर हाय, वझं हाय, डुचूक डुचूक आवाज येतोय कानात, पन पिऊ नका! ज्येचा दोरा तुटला त्येला शिक्षा. आसलं कुटं बगितलंय का तुमी? आमी बगितलं. रोज.

आता बिरप्पाचं सांगतो. बिरप्पा म्हंजे सांगोल्याकडचा धनगर, ह्यो आडदांड गडी, मला काखंत मारून चालल आसा. पन गरीब सोभावाचा. त्या दिशी साहेब कूच बगायला सकाळी सा वाजता येनार हुता. आमी पाचपासनं हुबं. साताला न्हाय, आटाला न्हाय... साहेबाच्या मोटारीचं चाक वाटंत फुटलं, साहेब आला अकराला! आता सांगा, फुटलं चाक साहेबाचं, आन् करपायचं कुनी? कोंडीबा म्हनतोय, "साहेब आलाय, कूच हुनारच! आट मैल!"

बिरप्पाचं पोट रातीपासनं बिगडलेलं. म्होरं गेला बिचारा, म्हनला, "हवालदारसाब, पोटात ठरत न्हाय, आंगात कसर वाटतीया." कोंडीबा म्हनतोय कसा, "का, दिस गेल्यात काय तुला?" समदी फिदीफिदी. म्या म्हनलं, "हवालदारसाब, त्यो खरंच आजारी हाय." तर माझ्याकडं फिरला, "तू डाक्टर झालास व्हय रं? पाय मोडल्याचं सोंग करून निजतोस, आन् डाक्टर?" मग काय! आपन काय बोलनार, आपन शिपाई!

निघालो. बिरप्पा माझ्या म्होरं. मला हळूच म्हनला, "सिद्या, आमी मेंढरंबी बारा वाजता चालवत न्हाय रं, झाडाखाली घालतो." म्या म्हनलं, मेंढराला मालक असतोय बाबा, त्येला काळजी... दोन मैल गेलो, तीन मैल गेलो. खालून मुरूम भाजतोय, वरनं आभाळ, पाठीवर वझं, आन् म्होरं बिरप्पा हाका मारायला लागला. "हुर्र... हुर्र... हिकडं ग! कुटं निगालीस ग!" मेंढरं वळवाय लागला की रांगंत! समदी हसली. कोंडीबा वरडला, "खामोश!" तरी हसली. आन् खरं सांगू... म्याबी हसलो. लाज वाटती सांगाय. पोट धरून हसलो म्या. मग माझी नजर त्येच्या मानंकडं गेली. समद्यांच्या माना घामानं चमकत हुत्या. त्येची कोरडी. तांबडी लाल, कोरडी ठनठनीत. म्या हात म्होरं केला, तवर त्यो धाडकन आडवा!

झालं, जत्राच की! येक जन म्हनतोय, कांदा हुंगवा. दुसरा म्हनतोय, चप्पल हुंगवा. तिसरा म्हनतोय, ह्या माळावर कायतरी फिरतंय म्हनं, लागीर झालंय, लिंबू आना. आता माळावर लिंबू कुटनं आनू? कोंडीबा बूट आपटतोय, "ऊठ! ढोंग करतोस?" आन् येकजन त्येचं तोंड उगडून पानी वताय निगाला. त्येच्या हाताला म्या हिसडा दिला, "वतू नकोस, मरंल त्यो!" कुटनं आवाज निगाला माझा मला ठावं न्हाय. पाठीवरची बाटली काडली, दातानं दोरा तोडला आन् समदं पानी त्येच्या छातीवर.

 कोंडीबाचं डोळं भाईर. "सिदू, दोरा तोडलास!" म्या म्हनलं, "तोडा रं समद्यांनी!" कोन हालंना. तीस मानसं, तीस बाटल्या, आन् कोन हालंना! मग कल्लप्पानं, आमच्यातलं थोरलं ते, पोराबाळाचं, त्येनं डोळं मिटलं आन् दोरा तोडला. मग तिसरा, मग पाचवा, मग तड् तड् तड्... कोंडीबा मोजतोय, "सात! आट! नावं लिवून घेतोय म्या!" लिव बाबा लिव! आमी त्येची कापडं काडली, पागोट्यांचं कापड भिजवून वर टाकलं, चौगं वारा घालाय लागलं. पन सावली कुटली? मग दोन बंदुका, दोन कोट, त्येची झोळी केली, आन् तो आडदांड गडी सा जनांनी उचलला. माळाखाली येका म्हातारीची मोट चाललेली दिसली.

शिवबाई नाव तिचं. म्या लांबूनच हात जोडलं, "आजी, मानूस जातोय, पानी..." तर ती मलाच वरडली, "आरं इचारतोस काय मुडद्या, घाल की त्येला थारोळ्यात!" बगा, दिसभरात ती येकली जी इचारू नको म्हनली. थारोळं म्हंजे मोटंचं पानी पडतंय ती कुंडी, त्येच्यात त्येला निजवला, म्या डोस्कं मांडीवर धरलं, आन् मोटंमागं मोट, मोटंमागं मोट अंगावर. त्येचं सारं अंग आचकं देतंय, आन् म्या निस्तं म्हनतोय, "बिरप्पा, मेंढरं आली रं, समदी आली, ऊठ..." आमच्यातला येक जन खबर द्यायला पळाला हुता, तासाभरानं धोंडप्पा साहेबाची मोटार घिऊन आला. त्येनं अंगाला हात लावला, माझ्याकडं बगितलं. आन् निस्ता माझा खांदा दाबला.

वाचला बिरप्पा. वाचला म्हंजे... अठरा दिसांनी दवाखान्यातनं भाईर आला. पाय लटपटत्यात दारू पेल्यावानी, जीभ जड झाली. पलटनीनं नाव काडून टाकलं, 'नालायक'. त्येची बायको केराबाई न्यायला आली. मला म्हनली, "दादा, ह्ये पैल्यासारकं हुतील का वो?" समदं शिकवलं हुतं मला धोंडप्पानं, मोडलेला हात, मोडलेला पाय... ही जखम न्हवती शिकवली. बिरप्पानं माझा हात धरला, लई येळ जीभ गोळा केली, आन् म्हनला, "सिद्या... दोरा तोडलास... पळ... हवालदार यील..."

मग चौकशी. कोंडीबानं तीस नावं वाचली. साहेब मला म्हनला, "पानी किसके हुकुम से डाला?" म्या म्हनलं, "साहेब, धोंडप्पाच्या वर्गाच्या हुकमानं."  खोटं कशाला बोलू, लई इचार केला त्येनं. दोऱ्याचा हुकूम मोडीत काडला. कोंडीबाला कायबी झालं न्हाय, पन दोरं गेलं. बाकीच्यास्नी निस्ती ताकीद. आन् मला? पैला दोरा तोडला, हुकूम मोडला म्हनून चौदा दिस शिक्षा.

आन् साहेबानं वर आनिक येक केलं. माळाच्या मदोमद ही मोटी लाकडी पाटी उबी केली, मराठीत, उर्दूत, इंग्रजीत, 'दुपारच्या उन्हात उभे राहू नये.' लई झ्याक काम! पन कोंडीबा म्हनला, "साहेब, सरकारी लाकूड हाय, गावातलं कोन सरपनाला न्हील. पहारा पायजे." साहेब म्हनला, बरोबर. मग पहाऱ्याला कोन? शिक्षेवाला घरचाच हाय की! चौदा दिस, बारा ते चार, त्या पाटीपाशी म्या उबा. आन् पाटीची सावली पडायची मागल्या अंगाला, आन् पहारेकऱ्यानं उबं ऱ्हायाचं पाटीच्या म्होरं!