अंग आलं जाग्यावर

...अन् वरून मलेच म्हणते, 'केसर, या वयात कायचं वं ऑपरेशन?' आमचा बुढा हो, उत्तमराव! अरे बाप्पा, अंग माहं बाहेर येऊन राह्यलं का तुमचं? हाव बायांनो, अंगच म्हणते मी, ते पिशवी, जिच्यात लेकरं वागवली! लाज कायची? तुम्हाले सांगते, किती वर्षं लपवलं म्या... मिरच्या तोडता तोडता खाली उतरे, आडोशाले जाऊन हातानं आत सारायचं, लुगडं घट्ट खोचायचं, की पुन्हा वाफ्यात हजर! खोकायचं भेव, शिंकायचं भेव, नातीच्या लग्नात साऱ्या खदखदा हासल्या अन् मी मांड्या आवळून बसली, जशी काही मयतीले आली!

पण एक दिवस लघवीच बंद! पोट नगाऱ्यावानी... माही सून वंदना दार लोटून आत आली अन् पाह्यलंच तिनं. 'आत्याबाई, हे कवापासून?' म्हणलं, तू लग्न होऊन आली त्याच्याही आंधीपासून. पोरगी रडाले लागली वं! अन् मंग जे उठली, ते सासऱ्यालेच म्हणे, 'मामाजी, गाडी सांगा!' बुढा म्हणे, 'लोक काय म्हणतीन?' वंदना म्हणे, 'लोकायले लघवी होते मामाजी, आत्याबाईले होत नाही!'

बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईनं नळी टाकली, पोट मोकळं झालं, मले तं सरगच दिसला! मंग बीपी पाह्यला, शुगर पाह्यली. म्हणे, 'आजी, पोट फाडायचं नाही, खालूनच पिशवी काढू, ढिलं झालेलं शिवून घट्ट करू.' पाठीत सुई देल्ली, कंबरेखाली सारं मुकं... पण तोंडाले कुठं सुई होती? म्या आपली सांगतच राह्यली, 'बाई, टाका पक्का घेजा, धाग्याची कंजुषी नोको!' तं डॉक्टरीण म्हणे, 'आजी, गप पडा, नाहीतर तोंडालाही टाका घालीन!'

घरी आली तं ओझं उचलाची मनाई. बुढा हंडे भरे अन् सारी गल्ली पाहे! त्याची मान खाली, माही वर!

अन् मंग शेजारची बनाबाई आली, पदर तोंडाले लावून, 'केसरबाई, माह्या एका बहिणीले तसंच होते...' म्हणलं, बने, तुले बहीण कुठं हाय वं? लाज कायची? चाल! तिले नेलं, तिच्या जावेले नेलं, वरल्या आळीच्या दोघी नेल्या. कोणाले नुसती पिशवी वर धरून ठेवायची रिंग बसवली, कोणाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीण म्हणे, 'आजी, अख्खं रोहिणखेड घेऊन येता का?' हाव, आणते! लाज कायची?

पण तुम्हाले सांगते... माहे टाके भरले अन् ह्यायचं व्हायचं होतं, तवा मोताळ्याच्या बाजाराची एसटी आली, की ह्या साऱ्या मांड्या आवळत मांगून येत, मले खिडकी भेटे. आता? बनाबाई टनकन चढते, रुमाल टाकते, अन् वरून मलेच म्हणते, 'केसरबाई, तू राह्य उभी. माहे टाके नवे हायेत, तुह्ये तं पक्के झाले!'

...मी आपली दांडा धरून उभी राह्यते.