विनामोबदला, प्रेमापोटी

हसा, हसा! तुम्हाला हसायला काय जातंय? पण तुम्हाला सांगतो, त्या 'घरबसल्या, दहा मिनिटांत'नं भर ऑफिसात माझं जे नाक कापलं ना... अजून वाडीबाहेर पडायची लाज वाटते हो!

'घरबसल्या, दहा मिनिटांत!' हे कुणाचं? आमच्या चिरंजीवांचं, पीयूषचं. मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणतो, "पप्पा, आता दस्ताची माहिती आपली आपणच ऑनलाइन भरायची. घरबसल्या, दहा मिनिटांत!"

दस्त कसला? हक्कसोडपत्र. नरपडला आमची दोन एकर चिकूची वाडी, बाबा गेल्यावर सातबारावर दोन नावं आली, माझं आणि नर्मदाताईचं. ताई वेवजीला दिलेली. आता बहिणीनं हिस्सा सोडायचा, भावानं साडी नेसवायची, रिवाजच आहे आमच्यात! बाबांच्या वेळी आत्याचं कसं झालं? ओटीवर पाट, पाटावर कागद, कागदावर आत्याचा अंगठा, आणि जेवून आत्या संध्याकाळच्या गाडीनं परत. कुणी काही विचारलं तिला? छे!

मग काय, आत्याचा तोच जुना कागद समोर ठेवला आणि बसलो भरायला. गट नंबर? तोंडपाठ! चतुःसीमा? तोंडपाठ! मग आलं, हिस्सा सोडणाऱ्याचं वय. वय?... ताईचं वय?... टाकलं पन्नास! व्यवसाय? आत्याचा होता घरकाम, टाकला घरकाम. सहीच्या जागी? आत्याचा अंगठा, म्हणून अंगठा! दहा कसली, सात मिनिटांत मोकळा झालो!

सोमवारी डहाणूच्या रजिस्ट्रार ऑफिसात गेलो. ताई दोन गाड्या बदलून आलेली, डब्यात माझ्यासाठी पानग्या. आणि माझ्या पिशवीत काय? साडी, आणि... सांगायलासुद्धा कसंतरी होतं... नवंकोरं शाईपॅड!

टोकन घेतलं, सर्व्हर बंद, सर्व्हर चालू, पुन्हा बंद, शेवटी एकदाचा नंबर लागला. आणि तो ऑपरेटर पोरगा, विपुल, भरलेलं सगळं मोठ्यानं वाचायला लागला हो! वाडीचं वाचलं, "झाडं एकशे बारा." मी लगेच, "पैकी तीन वठलेली!" वा, काय ऐट माझी!

"काशीनाथ, वय चोपन्न. नर्मदा, वय पन्नास..." थांबला. "काका, मघापासून तुम्ही यांना ताई म्हणताय ना?"

मागून लाइनीतला आमच्या ओळखीचा चिमणभाई ओरडला, "अरे काशीनाथभाई, बेननी उंमर पण खबर नथी?" सगळी लाइन खो खो हसायला लागली!

ताई शांतपणे म्हणाली, "अठ्ठावन्न लिहा. तो लहान होता तेव्हा मी मोठीच होते."

"व्यवसाय, घरकाम."

"अंगणवाडी सेविका. बावीस वर्षं झाली."

आणि मी काय बोलावं? "ताई, कधीपासून गं?" अहो, आत्ताच म्हणाली ना ती, बावीस वर्षं! बावीस भाऊबिजा ओवाळून घेतलं, ताटात नोट टाकली, चकल्या हाणल्या, पण बाई तू दिवसभर करतेस काय, हे एकदाही विचारलं नाही. एकदाही!

"निशाणी अंगठा..." मी आपलं घाईघाईनं शाईपॅड काढलं, तर झाकणच उघडेना! ताईनं पर्समधून पेन काढलं. म्हणाली, "राहू दे काशी, हात खराब होतील तुझे."

मग त्यानं पुढचं वाचलं. "सदर हिस्सा मी विनामोबदला, नैसर्गिक प्रेमापोटी, स्वखुशीने सोडत आहे." हे प्रेमापोटी आत्याच्या कागदातही होतं बरं का, पण तेव्हा ओटीवर मोठ्यानं वाचलं होतं कुणी? साहेबांनी विचारलं, "ताई, स्वखुशीनं ना?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. तुम्हाला सांगतो, तेव्हा एक शब्द बोलायचा होता मला. "ताई, राहू दे." बस, एवढंच! पण जीभ उचलेल तर शपथ... एकशे बारा झाडं आली हो डोळ्यांपुढं! त्या तीन वठलेल्यांसकट!

"हो साहेब," ताई म्हणाली. "त्यालाच राहू दे वाडी. झाडं तोंडपाठ आहेत त्याला."

आणि केली सही. ठसठशीत, पूर्ण नावानिशी.

मग फोटो. ताईचा एका झटक्यात निघाला. माझी पाळी आली. "काका, वर बघा." बघतो म्हटलं. "काका, अजून वर." बघतोय ना बाबा! "काका, मान वर करा हो!" तीनदा सांगून बघितलं त्यानं, मागे लाइन खोळंबलेली, शेवटी कंटाळून दाबलं बटण.

साडी? पिशवीतच राहिली. काढायचा धीरच झाला नाही. पानग्यांचा डबा मात्र ती माझ्या हातात ठेवून गेली.

तर आता दस्त आलाय. एका बाजूला ताई, मस्त हसतेय. शेजारी हिस्सा घेणारा, म्हणजे मी... नुसतं टक्कल! पीयूष म्हणतो, "पप्पा, अर्ज टाकू का फोटो बदलायचा? घरबसल्या, दहा मिनिटांत!"

म्हटलं, राहू दे बाबा. या दस्तात माझ्याकडची तेवढीच एक गोष्ट खरी लागलीय.