सिद्धहस्ताने फासा टाकू नये

...आणि वर मलाच म्हणतात, ‘अहो, खेळच आहे तो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!’ खेळ? तुम्हाला सांगतो, ज्याचं जळतं त्यालाच कळतं! वीस बाजूंचा फासा असतो हो, वीस! आणि त्यातल्या चांगल्या धडधाकट एकोणीस बाजू सोडून तो दर वेळी नेमका एकावर पाय पसरून बसला, तर माणसाने करायचं काय? तेच मी केलं. नियम केला. आता बोंब मारायचीही सोय नाही, कारण नियम कोणाचा? माझा!

थांबा, तुम्हाला खेळ माहीत नसेल. सोपा आहे. रविवारी दुपारी माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसतो. वहिनी गोष्ट सांगतात. पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा, आडोशामागे त्यांचे कागद, आणि आवाज असा खर्जातला... ‘तुम्ही एका भुयारात उभे आहात. समोर लोखंडी दार. काय करता?’ वहिनी वकील आहेत. म्हणजे आठवडाभर कोर्टात लोकांना घाम फोडतात आणि रविवारी आम्हाला. आम्ही बाकी तिघांनी कागदावर एकेक पात्र तयार केलेलं असतं. दादाचा आहे पैलवान, दाराशी बोलायच्या आधीच दाराला डोकं मारणारा. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर, त्यांचा जादूगार. आणि माझा हलकू! हलक्या हाताचा म्हणून हलकू. कुलूप उघडणारा! तारेचा एक तुकडा द्या, राजाच्या तिजोरीपासून तुरुंगाच्या दारापर्यंत काहीही उघडेल...

उघडेल, पण फासा परवानगी देईल तेव्हा! कारण आपण नुसतं म्हणायचं, ‘मी कुलूप उघडतो.’ उघडलं की नाही, ते फासा ठरवणार: आकडा मोठा पडला तर जमलं, लहान पडला तर फसलं. आणि माझा फासा... तीन वर्षं झाली हो! पहिल्याच दिवशी तार आत मोडली. मग बोट अडकलं. एकदा तर कुलूप नुसतं कडीला लटकत होतं, उघडं! उघडं कुलूप हलकूने हात लावताच बंद झालं! डॉक्टर खुर्चीवरून खाली. दादा म्हणाला, ‘अरे, तू चोरांच्या बाजूने आहेस का सावकाराच्या?’ आणि हे एवढ्यावर थांबत नाही बरं का. आमच्याकडे पद्धत अशी, की खेळ संपला की सगळ्यांनी एकेकदा फासा टाकायचा, ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याने चहाच्या कपबशा धुवायच्या. आता सांगा, कोण धुतो? सांगा की! लाजू नका!

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. एके दिवशी एका आजोबांच्या नाकावर नवा चष्मा बसवत होतो, आणि माझा हात हवेतच थांबला. म्हटलं, च्यायला, मी आत्ता फासा टाकला का? गिऱ्हाइकाच्या कानावर काडी चढवताना मी आधी फासा टाकतो का? आणि एक पडला तर काडी कुठे... डोळ्यात? नाही ना! एवढासा स्क्रू मी डोळे मिटून बसवतो, कारण मी रोज तेच करतो! मग हलकूने जन्मभर कुलपंच उघडली, तर त्याच्या हाताला काही वळण नको? आजोबा म्हणाले, ‘बाळा, चष्मा...’ चष्मा त्यांच्या कपाळावर राहिला होता. पण मला दिसलं होतं! खेळाच्या पुस्तकात असा नियम नाही ना? मग आपण घरी करायचा!

चालतं तसं. पुस्तकातलं पटलं नाही तर घरचा नियम करता येतो, फक्त गोष्ट सांगणाऱ्याची मंजुरी लागते. म्हणजे वहिनींची. मी आपलं जीव ओतून हलकूसाठी एक पदवी तयार केली. नाव दिलं ‘सिद्धहस्त’. वा! नुसतं म्हणून बघा, हाताला मुंग्या येतात! पहिला खर्डा: सिद्धहस्ताचा फासा वाईट पडला तर त्याने पुन्हा टाकावा. वहिनी गोड हसल्या, ‘चालेल की, भावजी.’ टाकला, एक. पुन्हा टाकला... एक! आधी कपाळ एकदा फुटायचं, आता नियमाने दोनदा. दुसरा खर्डा: दहाच्या खाली काहीही पडलं, तरी दहा धरावे. वहिनी पुन्हा गोड हसल्या. आणि त्या दिवसापासून त्या भुयारातलं एकही कुलूप अकराच्या खाली उघडेना! मी म्हटलं, ‘वहिनी, हे मुद्दाम चाललंय.’ तर म्हणाल्या, ‘छे हो, भावजी! लोहार बदललाय त्या राज्याचा.’

आणि इकडे गोष्ट संपत आलेली! तीन वर्षं ज्या खजिन्यामागे आम्ही धावलो, तो आता एका दाराआड होता. दाराला सात खटक्यांचं कुलूप. पुढच्या रविवारी ते उघडायचं. तुम्हाला खरं सांगतो, मला खजिना नको होता. कागदावरचं सोनं घेऊन काय चाटायचंय? मला फक्त एकदा, हलकूने तार सरकवलीय, टेबलावर सगळ्यांनी श्वास रोखलाय, आणि खट्... दार उघडलंय! एवढंच बघायचं होतं. आठवडाभर मला दुसरं काही सुचेना. एका बाईंना मी वाचायच्या चष्म्याऐवजी गॉगल बांधून दिला.

म्हणून तिसरा खर्डा केला. म्हटलं, आता फाशाची कटकटच नको, मुळावरच घाव! ऐका, पाठ आहे मला: ‘जो माणूस कोणतंही एक काम दीर्घकाळ, सातत्याने करत आला आहे, तो त्या कामात सिद्धहस्त समजावा. त्याचं ते काम चुकणार नाही. त्या कामासाठी सिद्धहस्ताने फासा टाकू नये, आणि त्याला कोणी टाकूही देऊ नये.’ ते शेवटचं वाक्य दादासाठी. मी ओळखतो त्याला, ‘टाक रे एकदा, गंमत म्हणून’ म्हणून माझा घात केला असता त्याने.

वहिनींनी कागद घेतला. चष्मा लावला. मीच बसवून दिलेला, बरं का! एकदा वाचला. दोनदा वाचला. ‘भावजी, यात कुलूप हा शब्द नाही कुठे. कोणतंही काम?’ मी म्हटलं, ‘वहिनी, कलेला कुंपण घालायचं नसतं!’ ‘टाकूही देऊ नये?’ ‘अजिबात नाही!’ ‘बघा हं, नंतर बदलून मिळणार नाही.’ अहो, वकील बाई तीन तीन वेळा विचारतेय आणि मी गाढव छाती फुगवून सांगतोय, ‘वहिनी, नियम कोणाचा? माझा!’ मंजूर झाला.

उजाडला रविवार! मी नवा शर्ट घालून गेलो. पहिलं दार आलं. मी घसा खाकरला, ‘हलकू पुढे होतो. बोटं मोडतो. कुलपाला कान लावतो...’ वहिनी म्हणाल्या, ‘उघडलं. पुढे?’ पुढे? अहो, मला अजून तार तरी काढू द्या! दुसरं दार. ‘हलकू...’ ‘उघडलं. पुढे?’ तिसऱ्या दाराला तर मला विचारलंसुद्धा नाही! ‘मग तुम्ही तीन दारं ओलांडून येता...’ मी काय बिजागरी आहे?

आणि बाकीचे? काय रंगात आले होते म्हणून सांगू! दादाच्या पैलवानाने पहारेकऱ्यावर उडी घेतली, फासा गरगर गरगर फिरतोय, डॉक्टर खुर्चीत उभे, आणि वीस! आरडाओरडा! डॉक्टरांनी आग लावायचा मंत्र म्हटला, पडला एक, आणि त्यांच्या जादूगाराचा झाला बोकड! सगळे पोट धरून हसतायत, डॉक्टर स्वतः डोळे पुसत ‘बें’ करतायत... अहो, ते चुकले तरी मजा! आणि मी? मी सिद्धहस्त! मी आपला हाताची घडी घालून, शहाण्या मुलासारखा बसलोय. फासा माझ्या पुढ्यात. कोरडा. एकदा नकळत बोट गेलं त्याच्याकडे, तर वहिनींनी आडोशावरून नुसतं बघितलं. बोट परत.

शेवटी आलं ते दार. सात खटक्यांचं! मी उठून उभा राहिलो. ‘वहिनी, हलकू...’

‘उघडलं,’ वहिनी म्हणाल्या. ‘आत खजिना आहे. डॉक्टर, बोकड आत येतो का?’

संपलं! तीन वर्षं! बोकडाला माझ्यापेक्षा जास्त वेळ मिळाला! मी म्हटलं, ‘वहिनी, एवढंच?’ तर त्या अगदी शांतपणे म्हणतात, ‘मग काय करू, भावजी? चुकायची सोयच ठेवली नाहीत तुम्ही. मी भीती घालू कशाची?’ मी म्हटलं, ‘मग टाकतो ना फासा! एकदा!’ ‘टाकूही देऊ नये,’ तिघं एका सुरात! पाठ केलं होतं मेल्यांनी!

आणि मग दादा... दादा असा कधी बोलत नाही हो. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘वेड्या, तू फासा उचललास ना, की आम्ही हातातला कप हातात धरून बसायचो. आज याचं काय होतंय म्हणून! डॉक्टर तर दवाखान्यात पेशंटना सांगतात तुझी कुलपं.’ डॉक्टर म्हणाले, ‘खरंय. तोंड उघडं असतं, त्यामुळे हसता येत नाही बिचाऱ्यांना.’

घ्या! म्हणजे ज्या रोखलेल्या श्वासासाठी मी आठवडाभर कागद काळे केले, तो तीन वर्षं टेबलावर होता! दर रविवारी! मला दिसला नाही, कारण मी त्या मेल्या फाशाकडे बघत होतो. वाईट वाटलं हो... काखेत कळसा म्हणतात तो हा. आणि तो कळसा मी नियम करून, शिक्का मारून, विहिरीत सोडला होता!

पण मी म्हटलं, असू दे. दिवस अजून गेलेला नाही. कपबशा आहेत ना! खेळ संपला, चहा झाला, आता सगळ्यांनी फासा टाकायचा. इथे कुठलं कुलूप आणि कुठला हलकू? इथे मी साधा माणूस, फासा माझ्या हक्काचा! आणि एक पडला तर पडू दे, देवा, धुतो मी कपबशा, आनंदाने धुतो, पण एकदा फिरू दे तो या टेबलावर! दादाने टाकला, चौदा. डॉक्टर, नऊ. वहिनी, दोन! दोन हो! तीन वर्षांत पहिल्यांदा मला वाचायची संधी! मी फासा उचलला. मुठीत धरला. फुंकर घातली. बघतो तर काय... दादाचा कप हवेत! डॉक्टर पुढे वाकलेले! सगळ्यांनी श्वास रोखलेला! अहाहा! मी हात वर नेला...

‘थांबा, भावजी.’

वहिनींनी चष्मा लावला. आडोशामागून माझा कागद काढला. ‘कोणतंही एक काम... दीर्घकाळ... सातत्याने.’ आणि त्या गोड हसल्या. ‘तीन वर्षं कपबशा कोण धुतंय?’

फासा त्यांनी हळूच माझ्या मुठीतून काढून घेतला, आणि कपबशा हातात दिल्या.

आता दर रविवारी मीच धुतो. फासा न टाकता. आणि खोटं कशाला सांगू, एकही कप अजून फुटलेला नाही... फुटणार कसा? नियम कोणाचा? माझा.