आकाशातून न आलेला दगड

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे प्राचार्य माननीय जीवन देवरे सर, व्यासपीठावरील संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण कामंधामं बाजूला ठेवून जमलो त्या आमच्या भूगर्भशास्त्र विभागप्रमुख डॉ. सरिता गायधनी, वणीकडच्या गावाहून मुद्दाम आलेली मंडळी, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

मी निसार मनियार, रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या दोन विभागांत एकच भिंत आहे आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही आयुष्यभर भांडलो. त्यामुळे मॅडमविषयी चांगलं बोलायची मला सवय नाही. आज प्रयत्न करतो.

आमच्या भांडणाचं कारण मात्र साधं नव्हतं. मी म्हणायचो, पदार्थ म्हणजे त्यातले अणू आणि त्यांची मांडणी. तो डोंगरात सापडला की कारखान्यात तयार झाला, याच्याशी काय देणंघेणं? मॅडम म्हणायच्या, “निसारभाई, निसर्गानं घडवलं तरच ते खनिज. माणसानं केलेलं हुबेहूब तसंच असलं, तरी ते खनिज नव्हे. आधी विचारायचं, हे आलं कुठून?” मला हा निव्वळ हट्ट वाटायचा. जन्मदाखला माणसाला मागावा, दगडाला कसला?

हा वाद चहाबरोबर संपायचा. पण दोन वर्षांपूर्वी समोर बसलेल्या नवसाबाई एक काळा, जड गोळा फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. त्यांच्या शिवारातल्या ओढ्याच्या डोहाकाठी तो सापडला होता. वरून जळाल्यासारखी काळी साल, आत चांदीसारखी चमक, आणि लोहचुंबक लावलं की चिकटायचं. उल्का ओळखायची असेल तर माणूस हेच बघतो. तपासणी झाली आणि अहवाल आला, आत निकेल आणि फॉस्फरसचं संयुग आहे, तीन निकेलला एक फॉस्फरस.

विद्यार्थ्यांनो, यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मॅडमनीच मला समजावलं होतं, ते सांगतो. पृथ्वीवर फॉस्फरसला ऑक्सिजनचा भारी सोस. आपल्या हाडांत, शेतातल्या खतात तो ऑक्सिजनचा हात धरूनच असतो. धातूशी थेट संसार थाटलेला फॉस्फरस, म्हणजे फॉस्फाइड, पाहायचा तर बहुधा उल्केतच पाहावा लागतो. पिवळसर पांढरा, ठिसूळ. त्यात लोखंड आणि निकेल मिसळलेले असतात आणि वर्गीकरणाचा नियम ग्रामपंचायतीसारखा आहे. ज्याचे सदस्य जास्त, त्याचा सरपंच. लोखंड जास्त असेल तर ते श्रायबरसाइट, ते अनेक उल्कांत सापडतं. निकेल जास्त असेल तर निकेलफॉस्फाइड. ते फार दुर्मीळ.

आणि आमच्या गोळ्यात तर सगळे सदस्य निकेलचेच होते!

मग काय विचारता? वर्तमानपत्रांत फोटो आले. आपल्या अध्यक्षमहोदयांनी काचेची पेटी सांगितली. सर, हसू नका, फलकही तुम्हीच छापून घेतला होता. आणि मॅडम? ज्या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेली खनिजं शिकवली, त्यांच्या हाती नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात स्वतःचा शोध आला होता. मी त्यांना व्हरांड्यात गुणगुणताना ऐकलं आहे. मला फार बरं वाटलं होतं.

तिकडे गावात वेगळंच सुरू झालं. आकाशातून देव उतरला म्हणून डोहाकाठी शेंदूर लागला, नारळ फुटू लागले, आणि डोहाचं पाणी तीर्थ म्हणून घरोघर जाऊ लागलं. त्या श्रद्धेची मी चेष्टा करणार नाही. दुर्मीळ गोष्ट सापडली की आपण सगळेच हात जोडतो. आम्ही काचेची पेटी केली, त्यांनी शेंदूर लावला.

मॅडम मात्र अहवाल पुन्हा पुन्हा चाळत होत्या. एके दिवशी भिंतीपलीकडून आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, “निसारभाई, यात लोखंड का नाही? आकाशातलं निकेल लोखंडाला सोडून येत नाही. आणि हे शिसं कसलं, किंचितसं?”

शिसं म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विजेशिवाय निकेलचा मुलामा देतात, त्या द्रावणात फॉस्फरसचं रसायन असतं आणि द्रावण बिघडू नये म्हणून काही ठिकाणी चिमूटभर शिसंही घालतात. टाकीच्या भिंतींवर निकेलचा थर साचतो. तो खरवडून कोणीतरी कचऱ्याबरोबर जाळला असणार. त्या आचेत आत तेच स्फटिक तयार होतात आणि वर काळी साल चढते. माझ्या हिशेबाने अणू तेच, मांडणीही तीच. पण मॅडमच्या नियमाने ते खनिज नव्हतंच.

त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या. हे सांगितलेलं त्यांना आवडणार नाही, पण मी सांगणार. कारण रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, “मग हा ओढ्यात आला कुठून?”

प्राचार्यांनी त्यांना समजावलं, “मॅडम, निवृत्ती जवळ आली आहे. शंका तुमच्यापाशीच राहू द्या की.” सर, तुम्ही ते त्यांच्या काळजीपोटीच म्हणालात, हे मला ठाऊक आहे. मॅडमनी मला गाडी काढायला लावली.

ओढ्याने वर चढत गेलो तर एका घळीत राखेचा ढीग, मुलाम्याच्या द्रावणाची पिंपं, आणि हिरवट पाणी झिरपत डोहाकडे निघालेलं. खाली डोहावर तांबे घेऊन बायांची रांग. मॅडम चपलांसकट चिखलात उतरल्या आणि रांगेसमोर उभ्या राहिल्या. “हे पाणी कोणी नेऊ नका!”

लोक भडकले. नवसाबाईंचे दीर खंडेराव म्हणाले, “तुम्हीच पेपरात छापलं, वरून आला म्हून. आता नाय म्हंता? तुमचं मशीन चुकलं आसंल. आमचा देव नाय चुकत.” काय चूक होतं त्यांचं? कालपर्यंत आम्हीच टाळ्या वाजवत होतो. मॅडम एवढंच म्हणाल्या, “दादा, चुकले मीच. मला शिव्या द्या, पण पाणी ठेवा खाली.”

माझ्या पिशवीत निकेलच्या परीक्षेची दोन द्रावणं होती. गावच्या विहिरीचं पाणी घेतलं, थेंब टाकले, काही झालं नाही. मग डोहाचं घेतलं. पाणी सगळ्यांसमोर गुलाबी लाल झालं. हा निकेलचा रंग, हे पिण्याजोगं नाही, एवढंच मी सांगितलं. एकेक तांब्या तिथंच पालथा झाला.

पुढे तक्रारी झाल्या, चौकशी झाली, घळ साफ झाली, पिंपं टाकणं थांबलं. खनिजांच्या जागतिक यादीत मात्र आमचं काही गेलं नाही. काचेच्या पेटीत सध्या क्रीडा विभागाचे करंडक आहेत. मॅडमच्या नावावर एकही शोध नाही, आणि ही गोष्ट त्यांना लागते, हे त्यांचा शेजारी म्हणून मला माहीत आहे. आज मी त्यांना जाहीरपणे सांगतो, की तो वाद तुम्ही जिंकलात, मॅडम. आलं कुठून, हे विचारावंच लागतं.

बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल, विशेषतः अध्यक्षांचं, तर शेजारधर्म म्हणून पदरात घ्यावं. मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, याबद्दल सभागृहाचा मी आभारी आहे. खाली बसण्यापूर्वी नवसाबाईंचा निरोप तेवढा पोचवतो. त्यांना इथं येऊन बोलायला संकोच वाटतो, म्हणून मघाशी दारात त्यांनी तो माझ्याकडे दिला. त्या म्हणाल्या, “सर, बाईंना सांगा, द्येव नाय निघाला ते लय बरं झालं. निघाला आसता तर ते पानी मी माझ्या हातानं नातवाला पाजत ऱ्हायले आसते.”