तिसऱ्या वाटीनंतर

काराकोलच्या दवाखान्यात जिपार आपल्या नंबराची वाट बघत होती. शेजारी सापारबेक आजोबा आणि त्यांची बायको कालिचा, दोघांमध्ये आजोबांच्या व्यायामाचा बेत लिहायचा एक फॉर्म.

“रोज चालणार, एवढंच लिही.”

“चार वर्षं तेच सांगताय. मध्ये झटका येऊन गेला. आता नीट सांगा, कधी?”

“सकाळी चहा झाल्यावर.”

“वाटीमागून वाटी, तुमचा चहा दुपारपर्यंत चालतो. कितव्या वाटीनंतर?”

“तिसऱ्या.”

“कुठपर्यंत?”

“नदीच्या पुलापर्यंत.”

“तिथे तुमचा मित्र शारशे बसलेला असतो. त्याच्याशेजारी टेकलात की संध्याकाळच.”

“मग त्यालाही उठवून चालवीन. लिही.”

“आणि बर्फ पडलं तर?”

“तर घरात नाचेन.”

“कोणाबरोबर?”

“तुझ्याबरोबर. स्वयंपाकघरात, रेडिओ लावून.”

“मला विचारलंत?”

“बेचाळीस वर्षांपूर्वी विचारलं होतं. तू हो म्हणालीस.”

“तेव्हा वेळ कुठे ठरली होती? म्हणून तर राहून गेलं. किती वाजता?”

आजोबांनी जिपारकडे पाहिलं. तिने हसू दाबत मान खिडकीकडे वळवली.

“साडेनऊ.”

“साडेनऊ,” कालिचाने लिहिलं. “आणि बूट काढून. माझ्या बोटांवर पाय देता तुम्ही.”