पुढचं ऐकतं, मागचं ऐकत नाही

...आणि वर बायको मलाच म्हणते, "अहो, खेळण्यातल्या गाडीसाठी माणूस जमिनीला गाल लावून पडतं का?" पडतं! तुम्हाला सांगतो, पडावंच लागतं, कारण वळताना मागच्या चाकांचं नेमकं काय बिनसतं ते उभ्याने दिसतच नाही! आणि खेळण्यातली? हातभर गाडी, पण चारही चाकांना वेगवेगळा शॉकॲब्सॉर्बर आहे म्हटलं!

झालं असं, की आमच्या शिझुओकाच्या क्लबात दर महिन्याला शर्यत असते आणि माझी गाडी दर वळणाला शेपूट फेकते. मी रिमोटवरून सांगतोय डावीकडे, पुढची चाकं शहाण्यासारखी डावीकडे, आणि मागचा भाग निघाला भलतीकडेच! पुढचं ऐकतं, मागचं ऐकत नाही! अकरा वर्षांत एकदाही फायनल नाही. शेवटी आमच्या मंडळींनी, चिझुरूने, चहा ओतता ओतता गोड आवाजात सांगितलं, "या वेळी फायनलला गेलात तर खोली तुमची. नाही गेलात तर मी तिथे फुलं मांडण्याचा वर्ग काढणार." खोली म्हणजे माझी आठ तातामींची खोली हो! निवृत्त झाल्यापासून माझं सगळं जग त्या आठ गवती चटयांवर मांडलेलं... ती गेली तर मी बसायचं कुठे, न्हाणीघरात? मला खरंच धास्ती बसली.

मग घेतलं मागचं सस्पेन्शन उघडायला. एका वेळी एकच बदल आणि तो वहीत, हा आमच्या क्लबाचा दंडक. मागची स्प्रिंग मऊ केली, खोलीत गाडी सोडली, लिहिलं, 'किंचित बरं'. शॉकमधलं तेल पातळ केलं, 'आणखी किंचित बरं'. शॉकचं वरचं टोक एक भोक आत सरकवलं आणि गंमत बघा, तीन मिलिमीटर, फक्त तीन, आणि गाडीचा स्वभावच बदलला! का? कसा काय? दोन दिवस मी सूपमधला तोफू चॉपस्टिकने दाबून बघत होतो, मऊ गोष्टीवर वजन बसतं कसं ते. "अहो, खा तो!" खाणार कसा? डोक्यात किडा वळवळत होता ना!

त्यात एक कोडं. गाडी दाराजवळ झकास वळायची आणि खिडकीपाशी शेपूट फेकायची. तीच गाडी, तेच वळण, तोच मी! पुढचं ऐकतं, मागचं ऐकत नाही, तेही फक्त खिडकीपाशी! वारा लागतो म्हणावं तर खिडकी बंद. मग केलं आणखी मऊ... आणखी मऊ... सतरा बदल! शेवटी खिडकीपाशीही अशी चिकटून वळली, की मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

शर्यतीचा दिवस. आमचा ट्रॅक गालिच्याचा. पहिलंच वळण, गाडी आत शिरली, मागच्या चाकांनी गालिचा असा काही घट्ट धरला, की गाडी वळलीच नाही, कलली आणि सरळ उताणी! आता आमच्यात पद्धत अशी, की आपली फेरी झाली की पुढच्या फेरीला वळणावर उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. त्या वळणावर होते कोनागाया आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर. मी चालकांच्या मचाणावरून ओरडलो, "माफ करा!" ते खालून वाकून, "छे छे, मलाच उशीर झाला!" चक्कर मारून त्याच वळणावर आली, पुन्हा उताणी. "माफ करा!" "छे छे, माझंच चुकलं!" नवव्या वेळी आजोबा तिथेच मांडी घालून बसले. म्हणाले, "उठत नाही आता. तुम्ही येणारच आहात ना?"

मग आले काताहिरा, क्लबाचे मालक. गाडी उलटी धरली, मागचा भाग दाबला, दातांतून श्वास आत ओढला, "स्स्स... हाकामातासान, चाचणी कुठे घेतलीत?"

"घरी. तातामीवर."

"स्स्स... विणीच्या बाजूने, की विणीला आडवी?"

अरे देवा! तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला! आठ चटया, काही उभ्या, काही आडव्या! विणीच्या बाजूने चाक घसरतं, आडव्या विणीत धरतं! खिडकीपाशी गाडीचं काही बिघडलंच नव्हतं, चटई उभी होती! तीन आठवडे दुखणं त्या चटईचं आणि औषध मी पाजत होतो गाडीला! वाटलं, आता हसतील. पण नाही, सगळ्यांनी वह्या काढल्या! "दमट हवेत किती घसरते?" "नवी चटई जास्त की जुनी?" पुढची शर्यत दहा मिनिटं खोळंबली, आणि खरं सांगू, मला तेवढ्यापुरतं फार बरं वाटलं.

फायनल गेली ती गेलीच. खोलीही गेली. आता दर गुरुवारी तिथे सहा बायका फुलं मांडतात. त्यांना खाली बसवत नाही, म्हणून खुर्च्या आल्या, खुर्च्यांचे पाय तातामीत रुततात, म्हणून चिझुरूने खोलीभर काय अंथरलं माहितेय? गालिचा! मी दारातूनच वाकून हात फिरवला... बारीक लवेचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत, हुबेहूब ट्रॅकवरचा! आणि मला आत जायची बंदी!