एनिफाचा अर्ज

नाही, कागदबिगद माझ्याकडे काही नाही, बाई. तुम्ही शहरातून एवढ्या लांब आलात, मिनीबसच्या धक्क्यांनी अंग खिळखिळं झालं असेल, टेका जरा चटईवर — पण कागद नाही. एनिफा तुमच्या वर्गातली हुशार मुलगी, हे मला सांगता? मी तिचा मामा, तिच्या आईचा थोरला भाऊ. आपल्यात मुलगी आईची, म्हणजे मामाची. बाप काय, येतो नि जातो. पॅरालीगलचा कोर्स करायचा म्हणाली तेव्हा घरात मी एकटाच हो म्हणालो. हो म्हणालो खरा, पण कळलं कुठे होतं ते काय असतं? विचारलं, वकील होणार? नाही म्हणाली. मग मॅजिस्ट्रेट? तेही नाही. मग दोन वर्षं कॉलेजात जाऊन करणार काय, कोर्टाचं अंगण झाडणार? तर हसली. म्हणाली, मामा, वकील गावात येत नाहीत. कोठडीतल्या माणसाला आपली तारीख कधी ते ठाऊक नसतं, बाईला अर्ज कुठे द्यायचा ते ठाऊक नसतं, ते सांगणारं कुणीतरी लागतं. मी म्हटलं, ते मी इथे आंब्याखाली बसून फुकट करतोच की.

आणि करतोच, खोटं नाही. नऊ लग्नांचा अंखोस्वे आहे मी या गावात. तुम्हाला वेगळं काय सांगू — मुलीचा मामा, मुलाचा मामा, कोंबडा तिकडून, कोंबडी इकडून, दोघांनी शब्द दिला की लग्न लागलं. बिनसलं तर पोलीस नाही, कोर्ट नाही, आधी आमच्याकडे. एनिफाचं लग्नही माझ्याच शब्दावर लागलं. डायसन तळ्यावरून सुके मासे आणून विकायचा, गोड बोलायचा, मला आवडला. आणि बायका येतात ना माझ्याकडे, त्या अंगणापासूनच रडत येतात, अंगावरचं फडकं सावरायचं भान नसतं. मी रडण्यावरून ओळखतो, किती लागलंय ते. हुंदका खोटा असला तर तेही कळतं. पंचवीस वर्षं त्याच्यावरच न्याय केलाय.

अपघातच. पोलीस तसंच म्हणतात ना? डायसन म्हणतो, सायकलवरून पुलाखालच्या दगडांवर पडली. सहा आठवडे झाले पुरून. तुम्हाला ते पटत नाही, दिसतंय मला. कागद मिळाला तर पोलिसांना फाईल पुन्हा उघडावी लागेल म्हणता. मला? मला काय वाटतं ते विचारूच नका.

आलेली ती. म्हणजे — येतच असते की, माहेर तिचं. सोमवारी, दुपारची, तिची आई शेतावर होती तेव्हा. इस्त्रीचा ब्लाऊज, खांद्याला कॉलेजची पिशवी. पाणी प्याली, म्हणाली, मामा, एक वाचून दाखवते. मला अक्षर येत नाही हे तिला माहीत. काढला कागद — हो, होता. होता, बाई. वाचायला लागली: अर्जदार ही विवाहित असून अमुक तारखेस, रविवारी, राहत्या घरी, सामनेवाल्याने अर्जदाराच्या डाव्या बरगडीवर मुसळाने — अशा तीन तारखा. कुठे अडखळली नाही. मला वाटलं अभ्यास आहे. तुमच्याकडे करतात ना, एकाने आरोपी व्हायचं, एकाने साक्षीदार? मागे सुट्टीत आली तेव्हा मलाच आरोपी केलं होतं, बकरी चोरली म्हणून, आणि मी खरंच घाबरलो होतो. तर म्हटलं, कोण गं ही अर्जदार, आपल्यातली का? तिने कागद खाली केला.

"मीच, मामा."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर डोळे कोरडे. म्हटलं, अशी काय सांगतेस, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं? म्हणाली, तसंच शिकवलंय. तारीख, वार, जागा, काय घडलं ते. रडलं की मॅजिस्ट्रेटला रडणंच ऐकू येतं, बाकीचं राहून जातं. तुम्हीच शिकवलंत? — असू दे. चुकीचं नाही शिकवलंत. पण मी मॅजिस्ट्रेट नव्हतो ना, बाई. मला फक्त रडणंच वाचता येतं. मनात म्हटलं, हिला एवढं लागलेलं नाही. लागलं असतं तर अशी बोलली असती? कॉलेजात गेल्यापासून नाक जरा वर झालंय, नवऱ्याला धडा शिकवायचा असेल. तिला म्हटलं, आठ दिवस दे, डायसनच्या मामाशी, मालुंगाशी बोलतो, दोघं बसून मिटवतो. कागद कोर्टात गेला तर लोक म्हणतील, बिस्वीकच्या भाचीचाच बिस्वीकवर भरवसा नाही.

"दर गुरुवारी मी कोर्टात दुसऱ्या बायकांना सांगते, मामा, की थांबू नका."

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, त्या बायकांना मामा नसतील. आणि हात पुढे केला. हिसकावला नाही हो, हात पुढे केला फक्त. तिने दिला — घडी घालून, गुडघे टेकून, दोन्ही हातांनी, लहानपणापासून मला काहीही द्यायची तसा. उठताना बरगडीवर हात धरला. ते मी पाहिलं. पाहिलं, आणि म्हटलं, सायकलवरून आलीय, दमली असेल. शनिवारी निरोप आला. मालुंगाकडे मी गेलोच नव्हतो. मका सोलायचं चाललं होतं, म्हटलं रविवारी जाऊ.

हा घ्या. सहा आठवडे कोटाच्या आतल्या खिशात आहे, कोट धुवायला दिलेला नाही. तारीख आहे ना वर? सही? म्हणजे चालेल. मी येईन कोर्टात, विचारतील ते सांगीन, अब्रू आता राखायची कुणासाठी. पण माझ्या बहिणीला तुम्ही काही बोलू नका. तिला वाटतं, पोरगी कुणाकडेच गेली नाही, एकटीच सोसत राहिली. रोज विचारते, दादा, तुझ्याकडे तरी का नाही आली रे ती? आणि रोज मला आधी वाढते, न्सिमाचा गरम गोळा, माशाचा मोठा तुकडा माझ्या ताटात. आणि मी खातो. सहा आठवडे खातोय, बाई. हे मीच सांगायला हवं तिला. रोज ठरवतो, आज सांगायचं. ती माझ्या हातावर पाणी ओतते, आणि —

आली बघा. डोक्यावर बादली आहे, इकडेच बघतेय. ठेवा, पिशवीत ठेवा तो. बसा म्हणेल, बसू नका. डोळे पुसा, निघा आता.

काही नाही गं. कॉलेजातल्या बाई आहेत, एनिफाच्या. निघाल्याच त्या.